मदत हवी आहे : रानहळदीची ओळख आणि लागवड

नमस्कार. मुळशीकडील आमच्या शेताच्या बांधावर, ऐनाच्या सावलीत, दरवर्षी पहिल्या पावसानंतर हळदीसारख्या पानांशेजारी जमिनीलगत एक तुरा येतो. त्याच्या शेंड्याची सहपत्रे (फुलांलगतची पानांसारखी दले) गुलाबी असून खालच्या खोबणींतून पिवळी फुले डोकावतात. फुले पिवळी असल्याने ती रानहळदच असावी, असे मला वाटते; तरी खात्रीसाठी आणखी काय तपासावे? गेल्या वर्षी एक गड्डा कुंडीत लावला, परंतु हिवाळ्यात पाने वाळल्यावरही पाणी देत राहिल्याने तो कुजला, याची फार हळहळ वाटते. मातीत वाळू व पालापाचोळा किती मिसळावा, पाणी नेमके केव्हा थांबवावे आणि बांधावरचा मूळ गड्डा न दुखावता त्याचा तुकडा कधी वेगळा करावा, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे. जंगलातून कंद उपटून आणायचे नाहीत, हे मात्र पक्के आहे.