‘सांभाळता येत नाही तर मागता कशाला?’ – बेनिनच्या पितळी मूर्तींबद्दल

गोदाकाठ (धागाकर्ता)

परवा इथे हॅरोकर यांनी लंडनच्या भटकंतीचा लेख टाकला. फोटो सुरेख होते. पण ब्रिटिश म्युझियमच्या तळघरातल्या आफ्रिका दालनाबद्दल एक वाक्य होतं, ते दोन दिवस डोक्यातून जात नाहीये: “नायजेरियावाले या मूर्ती परत मागतात, पण सांभाळता येत नाही तर मागता कशाला? इथे निदान जगाला बघायला मिळतात.” आणि खाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग. प्रतिसादात मावणार नाही म्हणून हा धागा.

जानेवारी १८९७. फिलिप्स नावाचा ब्रिटिश अधिकारी आजच्या नायजेरियातल्या बेनिन शहराकडे निघाला. राजाचे विधी चालू आहेत, आत्ता येऊ नका, असा निरोप गेला होता. तरी निघाला. वाटेत तो आणि त्याच्या बरोबरची बहुतेक माणसं मारली गेली. फेब्रुवारीत फौज आली, राजवाडा लुटला, शहर जळालं. ओबा (तिथला राजा) ओवोनरामवेन याला कालाबारला हद्दपार केलं, १९१४ साली तो तिकडेच वारला. पितळी मुंडकी, फलक, कोरलेले हस्तिदंत अशा हजारो वस्तू युरोपभर विकल्या गेल्या. एकट्या ब्रिटिश म्युझियमकडे आज ९०० हून जास्त आहेत.

आता या वस्तू म्हणजे काय? ती मुंडकी दिवाणखान्याची शोभा नव्हती. नवा ओबा गादीवर आला की बापाच्या नावाने वेदी उभारायचा आणि तिच्यावर हे ओतीव शिर बसायचं. आपल्या देव्हाऱ्यात पितरांचे टाक असतात, तसं समजा. आणि फलक राजवाड्याच्या खांबांवर होते. कोण सरदार, कोणता विधी, पोर्तुगीज कसे आले, सगळं पितळेत. दरबाराची बखरच ती. कुणी तुमच्या घरातले टाक उचलून नेले आणि वर म्हणाला, “तुमच्याकडे धूळ बसते, माझ्याकडे काचेत आहेत,” तर?

आणि ‘जगाला बघायला मिळतात’ म्हणता, तर १९७७ चं ऐका. लागोसला जगभरच्या कृष्णवर्णीयांचा मोठा कला महोत्सव भरला, फेस्टॅक. आफ्रिकेतले, अमेरिकेतले, कॅरिबियनमधले हजारो कलावंत आले. महोत्सवाचं बोधचिन्ह होतं राणी इदियाचा हस्तिदंती मुखवटा. तो लंडनमध्ये. महोत्सवापुरता उसना मागितला, मिळाला नाही. शेवटी तिथल्या कारागिराने नवा कोरला. ज्यांची राणी, त्यांनाच तिचा चेहरा चार दिवस मिळाला नाही.

हॅरोकर

माझ्या एका वाक्यावर अख्खा धागा, आभारी आहे. आता उत्तर देतो.

१८९७ चा अन्याय मी नाकारलेला नाही. प्रश्न आजचा आहे. १९७३ साली नायजेरियाचे तेव्हाचे राष्ट्रप्रमुख जनरल गोवोन इंग्लंडच्या राणीला भेटायला गेले, तेव्हा लागोसच्या राष्ट्रीय संग्रहालयातून एक अस्सल बेनिन शिर काढून तिला भेट दिलं. त्यांच्याच संग्रहालयातून, त्यांच्याच राष्ट्रप्रमुखाने! राजवाड्यात ते नक्कल समजून ठेवलं होतं, अस्सल आहे हे २००२ साली उघड झालं. २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की परत आलेल्या वस्तूंची मालकी ओबाची. म्हणजे जनतेच्या म्हणून परत दिलेल्या वस्तू एका घराण्याकडे. केंब्रिज विद्यापीठाने ठरलेला परतीचा कार्यक्रम तेव्हा थांबवला. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये बेनिन सिटीत नवं संग्रहालय उघडायच्या वेळी निदर्शक आत घुसले, पाहुण्यांना बाहेर काढावं लागलं. मी वीस वर्षं इथे राहतो, मुलीला शाळेच्या सुट्टीत त्या दालनात न्यायचो. तिने आफ्रिका तिथे पाहिली. ते सगळं रिकामं करायचं का?

गोदाकाठ

गोवोनचं खरं आहे. ते मला लपवायचंही नाही. पण सुरक्षिततेच्या गोष्टी ब्रिटिश म्युझियमच्या बाजूने नका सांगू. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्याच कोठारातून दोन हजारांच्या आसपास वस्तू चोरीला गेल्या, हरवल्या किंवा खराब झाल्या हे बाहेर आलं, संचालकांनी राजीनामा दिला. तेव्हा कुणी म्हणालं का, की इंग्रजांना सांभाळता येत नाही, सगळं दुसऱ्या देशात हलवा?

ओबा विरुद्ध सरकार हे त्यांच्या घरातलं भांडण आहे. भावाभावांत वाटणीचा वाद चालू आहे म्हणून चोराने माल ठेवून घ्यायचा, हा कुठला न्याय?

तिखटमीठ

पण फ्रान्सने तर बेनिनला मूर्ती परत दिल्या ना २०२१ मध्ये? मग हे अजून काय मागतायत?

गोदाकाठ

तिखटमीठ, तो बेनिन देश वेगळा. पूर्वीचं दाहोमे, १९७५ मध्ये नाव बदललं. फ्रान्सने २६ वस्तू दिल्या त्या दाहोमेच्या अबोमी राजवाड्यातल्या. आपण बोलतोय ते बेनिनचं राज्य आजच्या नायजेरियात आहे, एडो लोकांचं. निदान धागा वाचून तरी लिहा.

शुभदा_अटलांटा

माझा मुद्दा दोघांनाही आवडणार नाही, पण लिहिते.

माझ्या टीममध्ये एक बाई आहेत, साठीच्या, आफ्रिकन-अमेरिकन. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाने २९ बेनिन वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली, त्या दिवशी मी उत्साहाने म्हटलं, “बघा, न्याय झाला.” त्या जेवणाचा डबा बंद करत म्हणाल्या, “कुणाला?” मला कळेचना. मग त्यांनी सांगितलं. पोर्तुगीज पितळेची कडी द्यायचे, मनिला म्हणतात त्यांना, आणि बदल्यात माणसं न्यायचे. ती कडी वितळवून मूर्ती झाल्या. “ते पितळ म्हणजे माझ्या पणजीच्या पणजीची किंमत आहे. ती ज्यांनी घेतली त्यांच्याच वारसांना परत?”

न्यूयॉर्कमध्ये गुलामांच्या वंशजांची रिस्टिट्यूशन स्टडी ग्रुप नावाची संस्था आहे. तिने याच मुद्द्यावर स्मिथसोनियनविरुद्ध दावा लावला होता. कोर्टाने तो फेटाळला. पण प्रश्न फेटाळला गेला असं मला वाटत नाही. गोदाकाठ, तुमच्या ‘घरातल्या भांडणात’ समुद्रापलीकडे विकलेली मुलं मोजली आहेत का?

गोदाकाठ

हा मुद्दा मी मांडायला हवा होता. नाही मांडला, कबूल. फक्त एक: बेनिनने सोळाव्या शतकात पुरुष गुलामांची विक्री बंद केली आणि बराच काळ बंद ठेवली. तिथली ओतकामाची परंपराही पोर्तुगीज येण्याआधीची. तेव्हा सगळं पितळ माणसं विकून आलेलं, असं सरसकट म्हणता येत नाही.

शुभदा_अटलांटा

सरसकट मी म्हटलंच नाही. ‘बराच काळ बंद’ म्हणजे नंतर चालू झालीच ना? त्या बाईंना हे वाक्य मी तोंडावर सांगू शकणार नाही. तुम्ही सांगू शकाल?

मावळा९६

सगळी दुनिया फिरून झाली, आता घरचं बोला. वाघनखं! जुलै २०२४ ला साताऱ्यात आली तेव्हा मी पहाटे कोल्हापुरातून निघून रांगेत उभा होतो, पोराला खांद्यावर घेऊन. काचेसमोर गेलो तेव्हा अंगावर काटा आला. आणि ती कशी आली? तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी! राजांची वस्तू राजांच्या मुलखात भाड्याने. नायजेरियाचं पुढे बघू.

दप्तरदार

मावळा, राजांचीच हे कशावरून? व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम स्वतः तशी खात्री देत नाही. ग्रँट डफ १८१८ मध्ये साताऱ्याला आला, त्याला कुणीतरी दिली, घराण्याने पुढे म्युझियमला दिली. ती वाघनखं सुंदर आहेत, मराठी मुलखातली आहेत, इतकंच म्हणा. अभ्यासकांनी तेव्हाच शंका घेतल्या होत्या, त्यांना लोकांनी काय काय ऐकवलं ते आठवतं मला.

मावळा९६

आला अभ्यासक! माझ्या पोराने हात जोडले तिथे. त्याला काय सांगू, कागद दाखवा मग नमस्कार करा?

दप्तरदार

पोराला खरं सांगा. खरं सांगितल्याने राजे लहान होत नाहीत.

मावळा९६

तुमच्यासारख्यांमुळेच वस्तू परत येत नाहीत. इंग्रजांची वकिली करायला घरचीच माणसं!

दप्तरदार

वकिली? ऐका मग. आमच्या घरात आजोबांपर्यंत मोडीचे चार रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी होती. वतनाचे कागद, दोन पत्रं पेशवाईतली. १९८१ मध्ये आजोबांनी विश्वासाने ते एका संस्थेला दिले. पावती आहे माझ्याकडे, ‘रुमाल चार, स्थिती उत्तम’. पाच वर्षांपूर्वी मी गेलो, एक पत्र बघायला. अर्ज, ओळखपत्र, शिफारसपत्र, तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला दोनच रुमाल निघाले. एकाचा कोपरा वाळवीने खाल्लेला, हातात घेतला तर भुगा मांडीवर पडला. बाकी दोन ‘सापडले की कळवू’. अजून कळवतायत. इंग्रजांनी नाही नेले हो ते. इथून तासाभराच्या अंतरावर आहेत. आणि २०२५ मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात सरकारने ४७ लाख देऊन घेतली, तेव्हा सगळ्यांनी फेटे बांधले. मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू. पण मोडी वाचणाऱ्या किती मुलांचा पगार निघाला असता त्यात?

हॅरोकर

दप्तरदार, हेच तर मी म्हणत होतो! आपल्यालाच सांभाळता येत नाही.

दप्तरदार

नाही, हे तुम्ही म्हणत नव्हतात. माझ्या रुमालांना वाळवी लागली म्हणून ते लंडनला द्या असं मी म्हणतोय का? ते माझे आहेत, म्हणून तर मला राग येतो. हा राग यायचा हक्कसुद्धा नायजेरियाच्या माणसाला तुम्ही देत नाही आहात.

तिखटमीठ

धागा बेनिनचा होता ना? संपादकांनी वाघनखांचा वेगळा काढावा.

गोदाकाठ

राहू दे. त्यातच उत्तर आहे. २०२२ मध्ये जर्मनीने ११०० हून अधिक बेनिन वस्तूंची मालकी नायजेरियाच्या नावे केली. काही तिकडे गेल्या, काही बर्लिनमध्येच आहेत, पण आता नायजेरियाने उसन्या दिलेल्या. वाघनखांच्या बरोबर उलट. बर्लिनमधली पोरं अजूनही बघू शकतात, हॅरोकरांची लेकही जाऊन बघू शकते. फक्त पाटीवर मालक म्हणून कुणाचं नाव, एवढं बदललं. ब्रिटिश म्युझियम १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवतं, की आम्हाला देता येत नाही. कायदा त्यांच्याच संसदेचा.

लागोसवाला

चार दिवस वाचतोय, आता राहवत नाही. मी २००९ ते २०१३ लागोसला होतो, कारखान्यात मेंटेनन्सला. एका ईस्टरच्या सुट्टीत आमचा एडो ड्रायव्हर मला त्याच्या गावी, बेनिन सिटीला घेऊन गेला. तिथे इगुन स्ट्रीट म्हणून ओतारी लोकांची गल्ली आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्यांची. लाल माती, दुकानांबाहेर ओळीने मुंडकी मांडलेली. मागच्या अंगणात एक म्हातारा मेणाच्या फलकावर काडीने पान कोरत होता. वर मातीचा लेप, मग भट्टी, मेण वितळून बाहेर, पितळ आत. पितळ कुठलं? जुने नळ आणि गाड्यांचे रेडिएटर, टोपलीत भरून ठेवले होते. माझे वडील तांबट, म्हणून मी खाली बसून बघत राहिलो.

म्हाताऱ्याच्या गुडघ्याजवळ एका जाड पुस्तकातलं पान होतं, फाटलेलं, वर प्लास्टिक. ब्रिटिश म्युझियममधला फलक. त्यावरून तो काम करत होता. मी इंडियन म्हटल्यावर त्याने विचारलं, लंडनला गेला आहेस का? मी म्हटलं, एकदा, ट्रान्झिटमध्ये. तर म्हणाला, कधी गेलास तर मला एक सांग, याची मागची बाजू कशी आहे? फोटोत पुढचंच दिसतं. जाडी किती ठेवली होती, मागून कड कशी वळवली होती, ते कळत नाही.

त्याच्याच पूर्वजांचं काम. संग्रहालय, ओबा, सरकार, सगळ्यांचं बोलून झालं तुमचं. या माणसाला कुणी विचारलं?

शुभदा_अटलांटा

हे मी उद्या त्या बाईंना सांगणार आहे. पटेल का, माहीत नाही. पण ऐकतील.

मावळा९६

दप्तरदार, पावतीचा फोटो खासगी निरोपात पाठवा. त्या तालुक्यात माझा मामेभाऊ आहे. वाघनखांबद्दल माझं मत तेच आहे, ते बदलणार नाही.

हॅरोकर

मूर्ती लागोसला सुरक्षित राहतील असं मला अजूनही वाटत नाही, आणि गोवोनच्या मुद्द्याला कुणी धड उत्तर दिलेलं नाही. ‘मागता कशाला’ हे मात्र मी लिहायला नको होतं. लेखातून ते वाक्य काढायला संपादकांना सांगितलं आहे.

लागोसवाला, शनिवारी लेकीला घेऊन त्या दालनात जातोय. मागची बाजू दिसत असेल तर फोटो काढतो. त्या ओताऱ्याचा नंबर आहे का?

लागोसवाला

ड्रायव्हरचा आहे, बारा वर्षं जुना. आज रात्री लावून बघतो. फोटो काढाल तेव्हा शेजारी मोजपट्टी धरा.