जॅझमधलं नुसता आवाज आणि पियानो असलेलं काहीतरी सुचवा

विश्रामबागकर:
मंडळी, सांगलीत जॅझ ऐकणारं कोणी सापडंल का माहीत नाही पण विचारतो. घरात आधीपासून किराणा घराण्याचं शास्त्रीय गाणं, मिरजेच्या दर्ग्यात उरसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं असतं तिथं रात्र रात्र बसलेली माणसं आम्ही, त्यामुळं संथ गाण्याचा कंटाळा नाही. पोरानं एला फिट्झगेराल्ड लावून दिली, आवाज लई गोड पण मागचा बँड नको वाटतो. निवांत गाणी, फक्त गळा आणि पियानो, असा अख्खा अल्बम आहे का?

सातारी_कंदी:
अहो एलाचाच आहे की! १९५० चा, संगीतकार गर्शविनची आठ गाणी, पियानोवर एलिस लार्किन्स, बास नाही ड्रम नाही. १९६० ला पॉल स्मिथबरोबर अजून एक केला, तो 'द इंटिमेट एला' नावानं शोधा.

पेटीवाला_मिरज:
एला छानच, पण गायक टोनी बेनेट आणि पियानोवाला बिल इव्हान्सचा १९७५ चा सोडू नका. नऊच गाणी. मी पेटीची साथ करतो म्हणून सांगतो, आपल्याकडं गायकानं एखादी जागा, म्हणजे सुरांचं खास वळण, घेतली की लगेच पेटीवर तीच काढून दाखवायची, नाहीतर साथ कसली. इव्हान्स तसलं काही करतच नाही, बेनेट ओळ संपवून श्वास घेतो तिथं हा दोन-चार सूर टाकतो, खालचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बदलतो आणि मग पुढच्या ओळीची चाल तीच असून रंग वेगळा लागतो. 'माय फूलिश हार्ट' हेडफोन लावून ऐका.

सातारी_कंदी:
बेनेट शेवटाला आवाज चढवतोच पण, ते मला खटकतं. त्यापेक्षा गायिका जीन ली आणि पियानोवाला रॅन ब्लेकचा १९६२ चा ऐका. एक-दोन गाण्यांत बास आहे, चालवून घ्या. पियानो असा तिरका की सुरुवातीला वाटंल ट्यूनिंग गेलंय.

विश्रामबागकर:
इव्हान्स लावला. बायको म्हणाली तबलजी आला नाही वाटतं! भारी आहे राव, पण सम, तालाची पहिली मात्रा, कुठं धरायची?

पेटीवाला_मिरज:
सम शोधू नका, बहुतेक गाणी ३२ बारची असतात (बार म्हणजे मात्रांचा छोटा गट, बहुधा चारचा), आठ-आठ बारचे चार तुकडे. पुष्कळदा पहिला, दुसरा, चौथा एकाच चालीचे आणि तिसरा वेगळा, तो आला की आपला अंतरा आला समजा. काही गाण्यांत ह्या ३२ बारच्या आधी चार ओळी बिनतालाच्या असतात, तिथं मोजायला जाऊ नका.