लोडावर पडताच मन अधिकच धावू लागते: मदत हवी आहे

मी निपाणीचा असून तंबाखूच्या एका वखारीत हिशेब सांभाळतो. खरेदीचा हंगाम सुरू झाला की वजने, तूट आणि उचल यांचे आकडे दिवसभर डोक्यात फिरतात आणि रात्री अंथरुणावर तीच खतावणी पुन्हा पहिल्या पानापासून उघडते. झोपेच्या गोळीपेक्षा बरे म्हणून दोन महिन्यांपासून योगवर्गास जातो. तिथे शेवटची ४० मिनिटे आधार घेऊन करायची विश्रांतीची आसने असतात: पाठीखाली लोड घेऊन सुप्त बद्धकोनासन (उताणे पडून तळपाय जुळवायचे आणि गुडघे बाजूंना सोडायचे), भिंतीला पाय टेकून विपरीत करणी आणि शेवटी शवासन.

अडचण अशी की, सूर्यनमस्कार घालताना जे मन मुकाट बरोबर येते, तेच लोडावर पाठ टेकताच मोकाट सुटते. पहिली दोन-तीन मिनिटे बरी जातात. दहाव्या मिनिटाला मी जबडा आवळून पडलेला असतो. वर्गात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषक असल्याने बाई सूचनाही दोन्ही भाषांत देतात. ‘श्वास सोडा’ म्हणजे ‘उसिरु बिडि’. ज्याचे आयुष्य तंबाखूत गेले त्याला ‘बिडि’ ऐकून काय आठवणार, हे निपाणीकरांना वेगळे सांगायला नको. हसू येते, पण त्या शब्दासरशी मी पुन्हा वखारीत पोहोचतो.

बाई म्हणतात, ‘विचार येऊ द्या, नुसते पाहा.’ सल्ला चुकीचा नसेल, पण पाहू लागलो की मी विचारांचाही हिशेब मांडतो.

लोड-घोंगडीच्या आधाराची ही पद्धत बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात वाढवली, म्हणून तिकडच्या जाणकारांना मुद्दाम विचारतो: माझी आसनाची बैठकच चुकत असेल का, की इतका वेळ पडून राहण्याची माझी तयारी अजून झालेली नाही? रक्तदाबाची गोळी सुरू आहे, हेही नमूद करतो.

प्रतिसाद १

जबड्यापासून सुरुवात करावी. लोडावर हनुवटी वर गेली की घसा ताणला जातो. म्हणून डोक्याखाली चादरीची घडी ठेवून कपाळ हनुवटीपेक्षा किंचित उंच आणा. गुडघे अधांतरी असतील तर मांड्या शरीर सावरत राहतात आणि विश्रांती मिळतच नाही, तेव्हा दोन्ही मांड्यांखाली उश्या द्या. वेळ सध्या पाचच मिनिटे ठेवा. श्वास मोजू नका, मोजणे हा तर आपला व्यवसायच आहे. त्याऐवजी पडण्यापूर्वी बसून भ्रामरीची, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडण्याच्या प्राणायामाची, पाच-सहा आवर्तने करा. गुंजारवामुळे उच्छ्वास आपोआप लांबतो आणि कानालाही काम मिळते. विपरीत करणी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून नको. तोवर पाठीवर निजून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवल्या तरी चालेल.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. घरी लोड नसल्याने काल आईची जुनी वाकळ घट्ट गुंडाळून पाठीखाली घेतली. गुडघे खरोखरच अधांतरी होते, हे दोन महिन्यांत प्रथमच लक्षात आले. पाच मिनिटांत आकडे थांबले नाहीत, पण जबडा सैल राहिला. एकच शंका: आमची भिंत सामाईक असल्याने रात्री भ्रामरीचा आवाज शेजारी जातो. ती पहाटे केली, तर रात्रीच्या झोपेला तिचा उपयोग होईल का?