मदत हवी आहे: सेमाफोरची (आर्म म्हणजे हात हलवून इशारा देणाऱ्या जुन्या रेल्वे सिग्नलची) तार नव्या मंडळींना कशी शिकवावी?

आगगाडी_वेडा: हाताखाली चार शिकाऊ आहेत. मल्टिमीटर दिला की खूश, केबिनमधून सिग्नल ओढणाऱ्या तारेपाशी नेलं की गडबड. दुपारी तार ढिली दिसली की जाऊन ताणतात आणि पहाटे आर्म पूर्ण ऑनला (‘थांबा/सावध’च्या आडव्या स्थितीला) येत नाही. सांगून थकलो. पुढच्या महिन्यात त्यांची परीक्षा आहे. एखादा कोर्स, युक्ती, काहीही सांगा, पण लवकर.

केबिनवाले काका: सिंगल वायर की डबल, म्हणजे सिग्नलला एकच तार की दोन? लोअर क्वाड्रंट की अप्पर, म्हणजे सिग्नल देताना आर्म खाली झुकतो की वर उठतो? तार किती लांब? डबल असेल तर कॉम्पेन्सेटर वजनाने ताण आपोआप सांभाळतो, पोरांनी हात लावायचं कारणच नाही.

सांधेकरी: सिकंदराबादला इरिसेटमध्ये, रेल्वेच्या सिग्नल प्रशिक्षण संस्थेत पाठवा. १९५७ पासून हेच शिकवतात. विषय संपला.

डिजिटल_दादा: आजच्या काळात तार? संगणकाने सिग्नल चालवणारं इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग बसवा की राव.

आगगाडी_वेडा: सिकंदराबाद कसं जमेल? मी इंग्लंडमध्ये, वाफेच्या इंजिनांच्या हेरिटेज लाइनवर आहे. सगळे स्वयंसेवक. तारच जपायची आहे, दादा. सिंगल वायर, लोअर क्वाड्रंट, डिस्टंट (पुढच्या सिग्नलची आधी सूचना देणारा) केबिनपासून साधारण ८०० मीटरवर.

केबिनवाले काका: अहो, मग हे आधी सांगायचं ना! ८०० मीटर पोलादी तार २० अंशांच्या फरकाने १९ सेंटिमीटर लांबते. दुपारी तेवढी ओढून घेतली की रात्री थंडीत ती आखडते, काउंटरवेटला (आर्म परत ऑनला आणणाऱ्या वजनाला) दाद देत नाही, आणि आर्म झुकलेला राहतो. ड्रायव्हरने त्याचा काय अर्थ लावायचा? ॲडजस्टर (तारेची लांबी कमी-जास्त करायची सोय) केबिनमध्ये असेल तर सिग्नलमनने हवा बघून तो फिरवावा. बाहेर जाऊन कुणी ताणायची नाही. तोंडी सांगू नका. तारेवर रंगाची खूण करा, शेजारी मोजपट्टी ठोका, पहाटे आणि दुपारी तापमानासकट आकडे त्यांनाच वहीत लिहू द्या.

सांधेकरी: तार नंतर, आधी सांधा, म्हणजे गाडी रूळ बदलते ती जागा! तार चुकली तर गाडी बहुधा उशिरा येते, सांधा चुकला तर रुळावरून उतरते. तुमच्याकडे फेसिंग पॉइंटला (गाडी टोकाकडून येते त्या सांध्याला) पातं आणि रूळ यांच्या फटीत ३.५ मिमीची पट्टी ठेवली तर कुलूप बसता कामा नये, १.५ला बसलं पाहिजे. आपल्याकडे मोटारीने फिरणाऱ्या सांध्याला ५ मिमीची पट्टी.

केबिनवाले काका: त्यांनी सांधा विचारलाय का? आणि झुकलेला आर्म म्हणजे नुसता उशीर? कुठे नोकरी केलीत हो?

सांधेकरी: तुमच्या आधीपासून केली. डिस्टंटचा खटका (केबिनमधली लिव्हर) हिरवा असतो, एवढं तरी शिकवा त्यांना.

आगगाडी_वेडा: इथे पिवळा असतो.

स्पर्धा_परीक्षा_२६: टेक्निशियन ग्रेड १ सिग्नलला बीएस्सी फिजिक्स चालतं का?

सांधेकरी: चालतं. वेगळा धागा काढ बाळा.

आगगाडी_वेडा: काका, खुणेचं उद्याच करतो. थर्मामीटर हवेत टांगू की तारेला बांधू?

केबिनवाले काका: तारेला. उन्हात ती हवेपेक्षा जास्त तापते. आणि खूण केबिनच्या टोकाला नको, सिग्नलपाशी करा.