तालमीतल्या मुलाला रग्बीत प्रॉप होता येईल का? तेंडाई म्तावारिराच्या वाटचालीविषयी एक शंका

प्रश्न : खानापूरचा क्रीडाशिक्षक

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेतून यंदा बारावी होऊन बाहेर पडलेला एक मुलगा लहानपणापासून तालमीत जातो. आता त्याचे वजन १०८ किलो झाले आहे आणि जोडीला तोडीस तोड कोणी मिळत नसल्यामुळे त्याचे कुस्तीतले मन उडू लागले आहे. त्याने मोबाईलवर दक्षिण आफ्रिकेच्या तेंडाई म्तावारिराचे, म्हणजे प्रेक्षक ज्याला ‘बीस्ट’ म्हणून साद घालत त्याचे, सामने पाहिले आणि तेव्हापासून रग्बीचा ध्यास घेतला आहे. म्तावारिराचा जन्म १९८५ मध्ये हरारेला झाला. डरबनच्या शार्क्स संघाकडे तो आला तेव्हा आठव्या क्रमांकावर, म्हणजे चेंडू घेऊन मुसंडी मारणाऱ्यांत, खेळत असे. पुढे प्रशिक्षक डिक म्यूर यांनी त्याला पहिल्या फळीत प्रॉप, म्हणजे सर्वांत पुढे भिडून रेटा देणारा, केले आणि जून २००८ मध्ये तो वेल्सविरुद्ध दक्षिण आफ्रिकेकडून उतरलासुद्धा. प्रॉपचे काम अंगात मुरायला वर्षे लागतात असे म्हणतात, मग हा एवढ्या लवकर कसा तयार झाला? आणि आमच्या मुलाला या वाटेला लावावे का?

उत्तर : पुण्यात काही वर्षे रग्बी खेळलेला बेळगावकर

सर, तो लवकर पोहोचला हे खरे, पण लवकर तयार झाला असे मी म्हणणार नाही. स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे आठ-आठ खेळाडू एकमेकांना भिडतात आणि पहिल्या फळीत मधल्या हुकरच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रॉप असतो. डावीकडचा, एक नंबरचा, तो लूजहेड. त्याच्या डोक्याची एक बाजू मोकळी राहते. उजवीकडच्या टाईटहेडचे डोके मात्र समोरच्या दोघांच्या मध्ये अडकते. म्तावारिरा लूजहेड होता. टाईटहेडच्या छातीखाली शिरून त्याला वर उचलायचे, त्याची पाठ वाकवायची आणि मागच्या पाच जणांचा रेटा आपल्या पाठीच्या कण्यातून पुढे पोहोचवायचा, हे त्याचे काम. मूळचा धावणारा गडी असल्यामुळे स्क्रम मोडल्यावरही तो चेंडू घेऊन पुढे घुसत असे, आणि त्या काळी असे प्रॉप थोडे होते. संघात घेण्यामागे हेही कारण असावे, असे माझे मत आहे.

त्याचे नाव खऱ्या अर्थाने झाले ते २० जून २००९ रोजी डरबनला, ब्रिटिश अँड आयरिश लायन्स, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा संघ, याच्याविरुद्धच्या पहिल्या कसोटीत. समोर फिल व्हिकरी होता, दोनच वर्षांपूर्वी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचे कर्णधारपद भूषवलेला. म्तावारिराने त्याला स्क्रममध्ये असे उचलले की एकामागून एक पेनल्टी मिळत गेल्या आणि उत्तरार्ध सुरू होताच व्हिकरीला मैदान सोडावे लागले. सामना दक्षिण आफ्रिकेने २६-२१ असा जिंकला आणि सामनावीर ठरला एक प्रॉप, जे क्वचितच घडते.

उत्तर : शहापूरचा जुना पैलवान

आमच्या आनंदवाडीच्या आखाड्यात बसणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. जो खाली शिरतो त्याची कुस्ती, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. मात्र सर, एक फरक मुलाला आधी सांगा. कुस्तीत पकड सुटली तर आपण खडाखडीला परत येतो, समोरचा जोरात आला की बाजूला सरतो आणि त्याचाच जोर त्याच्यावर उलटवतो. स्क्रममध्ये बाजूला सरायला जागाच नाही, आणि मुद्दाम खाली बसले तर पेनल्टी जाते. पैलवानाला एकट्याने जिंकण्याची सवय असते. बाकीच्या सात जणांच्या भरवशावर मान पुढे करणे त्याला जड जाते.

शिवाय त्याच मालिकेतली तिसरी कसोटी विसरू नका. व्हिकरी परत आला आणि लायन्सने तो सामना २८-९ असा जिंकला. एका कुस्तीवरून मल्ल ठरत नाही.

उत्तर : बेळगावची एक फिजिओथेरपिस्ट

दोघांच्याही उत्तरात राहून गेलेली बाब मानेची आहे. स्क्रम भिडताना पंच तीन टप्प्यांत हुकूम देतात, वाका, धरा, भिडा, आणि आधी एकमेकांना धरून मगच भिडण्याची ही पद्धत २०१३ पासून आली ती भिडण्याचा हादरा कमी व्हावा म्हणूनच. तालमीत मान तयार झालेली असते हे खरे, परंतु ती वाकवून सोडवून घेण्यासाठी तयार झालेली असते. इथे ती सरळ ठेवून भार सोसायचा असतो. नवख्याला थेट पूर्ण जोराच्या स्क्रममध्ये उभे करू नये. म्तावारिरालाही शरीराने कमी छळले नाही. हृदयाचे ठोके अनियमित होत असल्यामुळे त्याला मध्ये मैदानापासून दूर राहावे लागले होते.

उत्तर : पुण्यात काही वर्षे रग्बी खेळलेला बेळगावकर

आणखी एक अडथळा त्याला २०१० मध्ये आला, जो आपल्या सीमाभागातल्या माणसाला चटकन समजेल. तो रहिवासाच्या नियमाने पात्र होता, पण नागरिक नव्हता, आणि देशाकडून केवळ नागरिकांनीच खेळावे असा आग्रह तिथल्या क्रीडामंत्र्यांनी धरला. त्याच वर्षी त्याला नागरिकत्व मिळाले. २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, योकोहामाला, त्याने ३४ व्या वर्षी इंग्लंडच्या डॅन कोलला पुन्हा पुन्हा मागे रेटले आणि दक्षिण आफ्रिकेने ३२-१२ असा विजय मिळवला. ११७ कसोटी सामने खेळून त्याच महिन्यात तो आंतरराष्ट्रीय रग्बीतून निवृत्त झाला.

सर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कटू आहे. आपल्याकडे सध्या जोर आहे तो सात जणांच्या रग्बीवर, कारण ऑलिंपिकमध्ये तोच प्रकार आहे. त्यात स्क्रम तिघा-तिघांचा असतो आणि सगळा खेळ पळण्याचा. १०८ किलोच्या मुलाला पंधरा जणांचा संघच शोधावा लागेल, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईकडे किंवा सैन्यदलाच्या संघांकडे पाहावे लागेल.

प्रश्नकर्ता : खानापूरचा क्रीडाशिक्षक

सर्वांचे आभार. मुलाला हे सगळे वाचून दाखवले. सात जणांच्या खेळाबद्दल ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला, मग सैन्यभरतीसाठी वजन किती लागते ते विचारू लागला. तूर्त त्याची तालीम चालूच ठेवतो.

उत्तर : शहापूरचा जुना पैलवान

रविवारी सकाळी त्याला आखाड्यात घेऊन या. मान किती तयार आहे ते हात लावूनच कळेल.