एकाच वेळी चार-पाच विणकामं सुईवर आहेत, तुम्ही कसं सांभाळता?

सांजवात (दारव्ह्याजवळ, यवतमाळ)

नमस्कार सगळ्यांना. दिवाळीनंतर लोकर पेटीतून बाहेर निघाली आणि आता घरात जिकडे पाहाल तिकडे लोकरच आहे. आमच्या ह्यांच्यासाठी बिनबाह्यांचा स्वेटर सुरू आहे, कारण शेतीची लाईन रात्रीची आली की हरभऱ्याला नाहीतर गव्हाला पाणी द्यायला रात्रीच वावरात जावं लागते आणि तिथं ओल्यात उभं राहून जो गारठा लागते तो घरात बसणाऱ्याला कळत नाही. मुलीचा शाळेचा नेव्ही ब्लू स्वेटर आहे, त्याची पाठ झाली, पुढचा भाग काखेपर्यंत आला. नणंदबाईंना डॉक्टरांनी संक्रांतीनंतरची तारीख दिली आहे तर बाळाचा सेट करायचा आहे, टोपडं, मोजे, झबलं. मामंजींची मफलर. आणि पाचवा क्रोशाचा एक रुमाल आहे, तो कोणाला द्यायचा नाही, तो फक्त माझा.

जाऊबाई म्हणतात एक पुरं कर मग दुसऱ्याला हात लाव, अर्धवट कामं घरात ठेवू नये. त्या मोठ्या आहेत, त्यांचं म्हणणं मी ऐकते, पण हे मला पटत नाही. सकाळी अंगणात ऊन आलं की बाजेवर बसून मफलर विणते, सगळे सुलट टाके, शेजारच्या काकूंशी बोलता बोलता हात चालते, खाली पाहायची गरज नाही. रात्री मुलगी अभ्यासाला बसली की तिचा स्वेटर घेते, कारण आता गळा करायचा आहे, टाके घटवताना मोजावं लागते आणि तेव्हा घरात शांत असते. बाळाचं काम दुपारी, कापसाच्या वेचणीहून आलं, हातपाय धुतले, जेवलं की, उजेड चांगला असते तेव्हा, कारण लोकर पांढरी आहे आणि बारीक आहे. म्हणजे प्रत्येक वेळेचं काम ठरलेलं आहे. एकच धरलं तर अर्धा दिवस हात रिकामेच राहतील ना.

अडचण एकच आहे, १० नंबरच्या सुयांची माझ्याकडे एकच जोडी आहे आणि ती मुलीच्या स्वेटरमध्ये अडकली आहे. झबलंही १० वरच बसते. गावात सुया मिळत नाहीत, दारव्ह्याला बाजाराच्या दिवशी जाणं होईल तेव्हा होईल. तुमच्याकडे अशी तीन-चार कामं सोबत असतात का, कशी सांभाळता, सांगा. आणि थंडीत विणायला बसताना स्वतःसाठी काय काय करता तेही सांगा, माझ्याकडे गवती चहा आणि मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा असतात, शेंगा खाऊन हात धुवायचे आणि मग लोकर.

कापूसकाठ (आर्वी, वर्धा)

ताई, तुम्ही अगदी बरोबर करून राहिल्या आहात, जाऊबाईंना वाईट वाटू देऊ नका पण आपली पद्धत सोडू नका. वावरातलं काम असलेल्या बाईला सलग दोन तास मिळतात कुठे, जो अर्धा तास मिळते त्यात जे काम बसते ते करायचं.

सुयांचं सोपं आहे. मुलीच्या स्वेटरचे टाके सुईवरून काढून दुसऱ्या रंगाच्या धाग्यावर घ्या. जाड डोळ्याच्या सुईत साधा सुती दोरा ओवायचा, लोकरीपेक्षा वेगळा रंग, म्हणजे नेव्ही ब्लूला पांढरा, आणि एकेक टाका सुईवरून त्या दोऱ्यावर सरकवायचा, मग दोन्ही टोकं सैल गाठीने बांधून टाकायची. टाके तसेच्या तसे राहतात आणि सुया मोकळ्या होतात. माझ्या आईच्या पेटीत असे अर्धे स्वेटर दोऱ्यावर असायचे आणि सगळे पुरे व्हायचे, सुया मात्र दोनच जोड्या.

दुसरं म्हणजे प्रत्येक पिशवीत चिठ्ठी ठेवा. सुई कितीची, बॉर्डर कितीच्या सुईवर केली, टाके किती घातले, कितव्या ओळीवर थांबले आणि पुढची ओळ सुलट का उलट. आपल्याला वाटते लक्षात राहील, पण तुरीची सोंगणी सुरू झाली की आठ-दहा दिवस हात लागत नाही आणि मग पाठ आणि पुढचा भाग वेगवेगळ्या सुईवर विणला जाते आणि एक बाजू मोठी होते. ओळ अर्धी सोडून उठायचं नाही हेही पाळा, मधे सुई बरेच दिवस राहिली की तिथले टाके ताणून तिथं रेघ दिसते, ती धुतल्यावरही जात नाही कधी कधी. सुईच्या टोकाला रबर गुंडाळून ठेवलं की टाके निसटत नाहीत.

वेचणीचं लिहिलं म्हणून सांगते. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना ओरखडतात, त्यात आपल्याकडची कोरडी थंडी, बोटाच्या भेगांत बारीक लोकर अडकते आणि तिचे तंतू निघतात. रात्री झोपताना खोबरेल तेल कोमट करून चोळा, नखाच्या कडेला विशेष. विणायच्या आधी मात्र लावायचं नाही, पांढऱ्या लोकरीला डाग बसते. हा रात्रीचा तेलाचा वेळ माझा सगळ्यात आवडता आहे, चुलीतले निखारे अजून लाल असतात, वाटी बाजूला ठेवली की तेल आपोआप पातळ होते, घर झोपलेलं असते.

ज्वारीचं कणीस (अकोट, अकोला)

अवं बाई मी तं म्हणतो आंधी लेकराचं कर. मफलर काय, मामंजी शाल पांघरून बसतीन. पण लेकरू काही तारीख पाहून येत नाई, आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे होतेच, मंग दवाखान्यात ऐन वेळी टोपडं कोठून आणशीन. मी दोन लेकीची बाळंतपणं केली, दोन्ही थंडीतली, मले मालूम हाय. नवीन लेकराच्या अंगातली गरमी डोक्यातून लय जाते, म्हणून टोपडं आन मोजे हे पयले, झबलं मांगून बी चालते. दोन टोपडी करजो, एक वलं झालं तं दुसरं पाह्यजे.

आन गळ्यापाशी दोरी, रिबिन, मणी काही लावजो नको, दिसाले चांगलं दिसते पण लेकराच्या गळ्याभोवती काही नसावं. मोज्याले आतून धागे लोंबत ठेवजो नको, बारीक बोटं त्यात गुंततात. जाळीची वीण बी नको, सगळी बोटं बाहीर येतात.

माह्यं थंडीचं सुख म्हंजे हुरडा. पण हुरडा खातानी इणकाम नाई होत, हात काळे होतात, ते दोन्ही येगयेगळे टाइम.

धानपट्टा (अर्जुनी मोरगाव, गोंदिया)

मी विणत नाही पण घालतो, म्हणून घालणाऱ्याच्या बाजूने लिहितो, चालेल ना. रात्री राखणीला आणि पाण्यावर मीही जात असतो. माझा अनुभव असा की छाती आणि पाठ झाकायला बिनबाह्यांचा स्वेटर एकदम बरोबर, बाह्या असल्या की पाइप उचलताना ओल्या होतात आणि मग रात्रभर ओल्याच राहतात. पण त्यासोबत कानटोपी पाहिजेच. २०१८ साली २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ वर गेला होता, आमच्या गोंदियाकडेही त्या आठवड्यात दवाने धानाची तणस पांढरी दिसत होती, त्या रात्री मी स्वेटरपेक्षा कानटोपीला जास्त दुवा दिला. तर वहिनी, भाऊंच्या स्वेटरनंतर उरलेल्या लोकरीची कानटोपी कराच, कान आणि हनुवटीखालपर्यंत येईल अशी.

एक काळजीची गोष्ट. दुकानात जी लोकर म्हणून मिळते ती पुष्कळदा ॲक्रिलिक असते, धुवायला सोपी, आटत नाही, लवकर वाळते, रोजच्या कामाला उत्तमच आहे. पण शेकोटीजवळ तिची ठिणगीशी दुश्मनी आहे, ठिणगी पडली की ॲक्रिलिक वितळते आणि कातडीला चिकटते. खरी मेंढीची लोकर जळकट वास येऊन काळी पडते पण अशी वितळत नाही. जो माणूस रात्री वावरात तुऱ्हाट्या पेटवून शेकणार आहे त्याच्या मफलरीची लोंबती टोकं आत खोचलेली पाहिजेत, किंवा मफलर आखूडच विणा. मामंजीही शेकोटीवर बसत असतील तर त्यांच्या मफलरीला झालर लावू नका.

आमच्या तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७० च्या दशकापासूनची. थंडी लागली की तिबेटी लोक गावोगावी शहरात स्वेटरची दुकानं लावतात, नागपूरचा तिबेटी बाजार तर सगळ्यांनी पाहिला असेल. तिथला बराच माल लुधियानाचा असते. तो स्वस्त पडते आणि चांगलाही असते, आमच्या घरी दोन्ही प्रकारचे आहेत. पण बायकोने माझ्या मापाने विणलेला स्वेटर कमरेत वर सरकत नाही, वाकलो तरी पाठ उघडी पडत नाही, कारण तिने पाठीकडून तो चार बोटं लांब ठेवला आहे. तुम्हीही तसंच करा.

सांजवात

अगं बाई, किती छान लिहिलंत सगळ्यांनी. पाठीकडून चार बोटं लांब हे तर मला सुचलंच नसतं, अजून बॉर्डरच झाली आहे ह्यांच्या स्वेटरची त्यामुळे वेळ आहे. काकू, तुमचं ऐकलं, आज दुपारपासून टोपडं घेतलं. कापूसकाठ ताई, मुलीचा स्वेटर दोऱ्यावर काढला, मोकळ्या सुया हातात आल्या तर एवढं हलकं वाटलं.

पण ते टाके परत सुईवर घेताना उलटेसुलटे होणार नाहीत ना, ते कसं घ्यायचं? आणि टोपडं किती मोठं करू, बाळ अजून यायचं आहे, माप कोणाचं घ्यायचं?

संत्राबाग (वरुड, अमरावती)

मी शाळेत शिकवत होते, कार्यानुभवाच्या तासाला मुलींना विणकाम शिकवायचे, त्यामुळे थोडं मास्तरीण म्हणून सांगते.

नवीन बाळाचं डोकं साधारण ३४-३५ सेंटीमीटर घेराचं असतं. विणलेलं ताणतं, म्हणून टोपडं त्याहून दोन-तीन सेंटीमीटर कमी घेराचंच करायचं, म्हणजे नीट बसतं आणि डोळ्यांवर येत नाही. कडेला दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डर ठेवा, ती बाळ वाढेल तशी ताणते. आधी त्याच लोकरीने, त्याच सुईवर वीस टाक्यांचा छोटा तुकडा विणा आणि पट्टीने मोजा की दहा सेंटीमीटरमध्ये तुमचे टाके किती बसतात, कारण कोणाचा हात घट्ट असतो कोणाचा सैल. चिठ्ठीत दुसऱ्याचे टाके उतरवून घेऊ नका, आपल्या हाताचे मोजा.

आता थोडं वेगळं मत मांडते. चार कामं सोबत ठेवणं ठीक, पण लोकर मात्र प्रत्येक कामाची पहिल्याच दिवशी पूर्ण घेऊन ठेवा. गुंड्याच्या कागदावर शेड नंबरसोबत लॉट नंबर असतो, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर, एका लॉटचा रंग दुसऱ्या लॉटशी तंतोतंत जुळत नाही. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात आणि उन्हात बाही वेगळी दिसते. जो जास्त कामं काढतो त्याच्या हातून हे जास्त होतं, "थोडी लागेल तेव्हा आणू" म्हणत राहतो आणि डिसेंबर संपेपर्यंत दुकानदाराकडचा तो लॉट संपतो. शाळेच्या स्वेटरची लोकर पुरेशी आहे का ते आजच पाहून घ्या. आणि त्याच्या दोन्ही बाह्या एकाच सुईवर दोन गुंडे लावून सोबत विणा, ओळी मोजायची गरज राहत नाही, दोन्ही बरोबर सारख्या उतरतात. माझ्या वर्गातल्या मुलींना ही एक गोष्ट फार आवडायची.

सुखाचं म्हणाल तर आमच्याकडे आंबिया बहाराची संत्री आहेत, दुपारी बागेत उन्हात बसून संत्रं सोलायचं, तो वास बोटांना दिवसभर राहतो. साली मी वाळवून ठेवते, लोकरीच्या पेटीत कडुलिंबाच्या पाल्यासोबत टाकते.

आणि एक विनंती आहे सगळ्यांना, मनापासून. रात्री विणताना खोलीत कोळशाची शेगडी घेऊन दारं-खिडक्या बंद करून बसू नका, बाळंतिणीच्या खोलीत तर मुळीच नाही. निखाऱ्यांचा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, झोपेतच माणूस जातो. शेक द्यायचा असेल तर दार थोडं उघडं ठेवा आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर काढा.

ज्वारीचं कणीस

मास्तरीणबाई बरोबर बोलल्या. आमच्याइकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवाची पद्धत हाय, मी आता दार उघडंच ठेवतो, कोणी काई बी म्हणो.

कापूसकाठ

सांजवात ताई, टाके परत घेताना नेहमीपेक्षा बारीक सुई वापरा. आपल्या सुयांत आकडा मोठा तितकी सुई बारीक, म्हणजे तुमच्या १० च्या कामाला १२ ची सुई घ्या, ती टाक्यात सहज शिरते आणि बाजूचा टाका ओढला जात नाही. दोऱ्याच्या ज्या टोकाला लोकरीचा धागा लोंबतो आहे ते टोक आधी पाहून ठेवा. सुई उलट्या टोकाकडून घालत या, म्हणजे शेवटचा टाका घेतला की सुईचं टोक आणि लोकरीचा धागा एकाच बाजूला येतात आणि लगेच पुढची ओळ सुरू करता येते. सगळे टाके सुईवर आले की मोजा, चिठ्ठीशी जुळले की मगच दोरा ओढून काढायचा, आधी नाही. प्रत्येक टाक्याचा उजवा पाय, म्हणजे फासाची उजवी बाजू, सुईच्या पुढे आहे ना ते पाहा. एखादा फिरलेला दिसला तर घाबरायचं नाही, ती ओळ विणताना तो टाका मागच्या पायातून विणला की सरळ होतो. पहिली ओळ १० च्या सुईने विणली की ती १२ ची आपोआप मोकळी होईल. हे दिवसा उजेडात करा, नेव्ही ब्लू आहे.