गॅरेजमध्ये विमानाचा पंख: पॉप रिबीट की ठोकायचे? सल्ला हवा

कुपवाडकर:
नमस्कार मंडळी. राहतो सांगलीत, विश्रामबागला. कुपवाड एमआयडीसीत छोटं मशिनशॉप आहे. दोनसीटर मेटल विमान घरी बांधायचं डोक्यात घेतलंय, सुरुवात पंखापासून. (आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.) गॅरेज १० बाय १८ फूट. झेनिथ सीएच ७५० (सुट्या भागांच्या किटमध्ये मिळणारं विमान) मनात आहे. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत २९ फूट १० इंच, पण डावा-उजवा पंख वेगळा बनतो, त्यामुळे एकेक करून मावेल. त्यात बहुतेक पॉप रिबीट (एकाच बाजूने गनने ओढून बसवायचे). दुसरा पर्याय व्हॅन्स आरव्ही-७, त्यात ठोकायचे रिबीट. मित्र म्हणतो पॉप म्हणजे पोरखेळ. खरं काय? आणि पत्रा इथूनच घेतला तर?

रिटायर्ड_दापोडी:
अरे बाबा, माझी हयात दापोडीला एसटीच्या बॉडीचे पत्रे ठोकण्यात गेली. ठोकीव रिबीट मजबूत खरा, पण एकट्याचं काम नाही. एक जण गन धरणार, दुसरा आतून डॉली, म्हणजे रिबीटच्या मागे टेकवायचा लोखंडी ठोकळा. डॉली जरा तिरकी झाली की डोकं वाकडं, मग ड्रिल मारून काढ, भोक मोठं होतं. हिशेब सुतात (इंचाचा आठवा भाग) लक्षात ठेव. एक सूत जाडीचा रिबीट ठोकण्याआधी दीड सूत बाहेर हवा. ठोकल्यावर डोकं दीड सूत रुंद, अर्धा सूत उंच. भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून किमान दोन सूत आत. पॉपला हसू नकोस, डिझाइनच त्यावर केलेलं असेल तर ताकद त्या हिशेबानेच धरलेली असते. फक्त हार्डवेअरच्या दुकानातले पॉप लावू नकोस, किटमध्ये येतात तेच.
प्रत्येक भोकाची बर (कडेला उरलेली धारदार कोर) काढ, दोन्ही बाजूंनी. चीर तिथूनच सुरू होते.

वाईचा_वारा:
पत्र्याबद्दल: विमानाचा ६०६१-टी६ जातीचा ॲल्युमिनियम पत्रा आणि बाजारातला साधा ॲल्युमिनियम पत्रा दिसायला सारखेच, पण टी६ म्हणजे उष्णता देऊन कडक केलेला. सर्टिफिकेट नसेल तर तो पत्रा फक्त सरावाला. आणि खुणा पेन्सिलने करू नका! ग्राफाइट आणि ॲल्युमिनियमला ओल मिळाली की गंज धरतो. मार्कर वापरा.

कुपवाडकर:
पेन्सिलचं माहीतच नव्हतं. कालच सरावाच्या दोन पत्र्यांवर रेघोट्या मारल्यात 😅

रिटायर्ड_दापोडी:
पूस आणि गप्प बस. आता महत्त्वाचं, पीळ. स्पार (पंखाची लांब मुख्य तुळई) आणि रिब (तिला आडव्या बसणाऱ्या फासळ्या) नुसते जोडलेले असतात तेव्हा पंख हाताने पिळता येतो. वरून-खालून पत्रा रिबीट केला की बंद पेटी होते, आणि तेव्हा जो पीळ असेल तो कायमचा. मग विमान हवेत एका अंगाला कलणार. टेबल आधी पाणसळीत घे. स्पारच्या दोन्ही टोकांना ओळंबे सोड, टोकाला उभं राहून दोन्ही दोऱ्या एका नजरेत बघ, मागच्या स्पारपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोज आणि नकाशाशी ताडून बघ. आमच्या गवंड्यांचा ओळंबा साठ रुपयांचा होता, कधी खोटं बोलला नाही. क्लेकोंवर (भोकात बसणाऱ्या तात्पुरत्या स्प्रिंगच्या पिना) सगळं धरून परत मोज, मगच रिबीट.

वाईचा_वारा:
काकांच्या म्हणण्यात भर. मे महिन्यात शटर उघडं ठेवून काम करू नका. पत्र्यावर ऊन आणि स्पार सावलीत, १५ अंशांचा फरक पडला तर १२ फुटी पत्रा सव्वा मिलिमीटर वाढतो. दुपारी जुळलेली भोकं रात्री जुळत नाहीत. पहाटे ड्रिल मारा, शेजारी शिव्या देतील ते वेगळं.

पाटणचा_पठ्ठ्या:
कागदांचं आधी बघ राव. अमोल यादवांनी मुंबईत गच्चीवर विमान बांधलं, २०१६ला बीकेसीत मेक इन इंडियामध्ये ठेवलं, नोंदणी मिळाली २०१७ला. पहिलं भोक पाडायच्या आधी डीजीसीएशी (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) बोल, आणि पत्रा बंद करण्याआधी आतल्या प्रत्येक जोडाचा फोटो काढून तारखेसकट वहीत ठेव. नंतर आत बघायला कुणाला येत नाही. आणि उडवायचं कुठून? सांगलीजवळच्या कवलापूरच्या विमानतळाची वाट बघत बसलास तर नातू उडवेल, कराडला चौकशी कर.

कुपवाडकर:
ठरलं, पॉपच. पंखाआधी शेपटीचा रडर (विमान डावी-उजवीकडे वळवणारा उभा पत्रा) घेतो, तो लहान आहे, चुकला तर खिशाला सोसेल. आज मापं घेतली. शटरमधून पंख निघतो, पण वळवताना आईचं तुळशीवृंदावन आडवं येतंय. काय करू?

रिटायर्ड_दापोडी:
वृंदावनाला हात लावू नकोस. पंख कडेवर उभा करून काढ. चार माणसं आणि दोन गाद्या लागतील.